अडतीस पानं

पहिलं खोटं मी पिशवीबद्दल बोललो.
खंडेराव मार्केटच्या पायऱ्यांवर,
उजव्या हातात पातळ निळ्या पिशवीतली पापडी
आणि डाव्या अंगठ्यानं टिचकी:
आज कापडी पिशवी नेली? होय.
पडद्यावरच्या झाडाला पान फुटलं.
'शाब्बास, रणधीरजी!'
चोपन्नाव्या वर्षी कुणी शाब्बास म्हटलं
की माणूस पुढचं विचारत नाही.

अ‍ॅप ऋजुतानं टाकून दिलेलं. नाव 'पालवी'.
पायी गेलात, एक पान.
गिझर वेळेत बंद, एक पान.
सोसायटीत पहिला नंबर निरुपमाबेनचा.
त्या लिफ्टमध्ये भेटत नाहीत, जिन्यात भेटतात,
तिसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून:
'केटलां थयां?'
मी एकोणिसावा.
माझ्याखाली फक्त बंद फ्लॅट.

नोकरी माझी रिफायनरीत.
रात्रपाळीला चिमणीच्या टोकाशी ज्योत फडफडत असते,
मी दर तासाला दाब लिहितो, तापमान लिहितो.
सकाळी घरी येऊन बूट काढतो
तर फोन विचारतो:
काल तुम्ही एक तरी दिवा विझवलात का?
हसावं की काय, कळत नाही.
मी होय दाबतो.
विझवला होता. बाथरूमचा.

मग सवय लागली.
बादलीचं खोटं, पंख्याचं खोटं,
एकदा तर फोन पेपरवाल्या पोराच्या खिशात घातला:
आठ हजार पावलं माझ्या नावावर,
मी गादीवर.
अकरावा. सातवा. तिसरा.

होळीआधीच्या मीटिंगमध्ये
मला कढीपत्त्याचं रोप दिलं, टाळ्यांसकट.
दिलं निरुपमाबेननी.
'तमे तो बहु सुधरी गया,' म्हणाल्या,
आणि खरंच खूश होत्या,
तेच नडलं.

त्या रात्री मागे मागे जात मोजलं.
खोटी पानं अडतीस.
पान तोडायचं बटण कुठेच नव्हतं.
सेटिंग पाहिलं, मदत पाहिली, कोपऱ्यातले तीन ठिपके पाहिले.
हे झाड नुसतं वाढतं.
असलं झाड सयाजीबागेतही नाही.

तेव्हापासून फेडतोय.
फोन घरी, उशीखाली.
रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत पायी, एक.
सेव-उसळ घरच्या डब्यात,
'काका, डब्बो लाव्या?' म्हणत गल्ल्यावरचा पोरगा हसला,
झाकण सैल, रस्सा सदऱ्यावर,
डाग अजून आहे.
तरी त्याचं मी एकच पान धरलं.
अंघोळ एका बादलीत: पहिल्या दिवशी साबण कानात राहिला,
ते सोडून दिलं, दुसऱ्या दिवशीचं धरलं.

एकदा विश्वामित्रीच्या पुलावर थांबलो.
खाली चिखलात मगर, जबडा उघडा टाकून,
जणू कुणीतरी दात बघायला सांगितलंय.
तिच्या शेजारी झुडपाला निळी पिशवी.
माझीच असेल असं नाही.
नसेल असंही नाही.
मागून रिक्षावाला ओरडला, मी चालू लागलो.
याचं पान धरायचं का, ते ठरलं नाही.

हिशेब जुन्या लॉगबुकात ठेवतो.
वेळ, दाब, तापमान असे छापील रकाने,
त्यात माझ्या अक्षरात:
पायी. डबा. बादली. पायी.
एकवीस झाली, सतरा उरली.

फोनला काळजी लागलीय:
'रणधीरजी, बरेच दिवसांत दिसला नाहीत.
तुमचं झाड सुकतंय.'
सुकू दे.
नंबर घसरत घसरत पुन्हा बंद फ्लॅटांच्या वर.

काल जिन्यात निरुपमाबेननी गाठलं.
'शुं थयुं, भाई? मन नथी लागतुं?'
दोघंही तिसऱ्या मजल्यावर, दोघांनाही धाप.
'थोडी उधारी छे, बेन,' मी म्हणालो.
त्यांना वाटलं पैशाची.
खाली बघत म्हणाल्या, कहेजो, हं, काही लागलं तर.

जिना मी वहीत लिहीत नाही.
तो त्यांच्या खात्यावर.